लोहाच्या गोळ्या, आहार व इतर औषधे : शिक्षकांसाठी काही आवश्यक माहिती



आपल्या शाळांतून आठवड्यातील एका ठरलेल्या दिवशी मुलांना लोहाची गोळी दिली जाते. पहिली ते पाचवीच्या मुलांना गुलाबी आणि त्यापुढील वर्गांतील मुलामुलींना निळी. गुलाबी गोळीत ४५ मिलिग्रॅम लोह व ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. गोळी दिली, मुलाने ती गिळली, नोंदवहीत खूण झाली, की आपले काम संपले, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु गोळी पोटात जाणे आणि तिच्यातील लोह अंगी लागणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. या दोहोंच्या मध्ये त्या मुलाने गोळीच्या आगेमागे काय खाल्ले, काय प्याले आणि दुसरे कोणते औषध घेतले, हा प्रश्न उभा असतो. त्याचे उत्तर ठाऊक नसेल, तर शासनाचा खर्च, आपले श्रम आणि मुलाची आशा ही तिन्ही व्यर्थ जाण्याचा संभव आहे. म्हणून या विषयाची सोपी पण नेमकी माहिती येथे एकत्र दिली आहे.

प्रश्न किती मोठा आहे ?

रक्तक्षयाविरुद्ध गोळ्या वाटण्याचे काम आपल्या देशात नवे नाही. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्यासाठी अशी राष्ट्रीय योजना १९७० साली सुरू झाली. पुढे शाळेतील मुलांना साप्ताहिक गोळी देण्याचा कार्यक्रम आला आणि २०१८ साली या सर्व प्रयत्नांना ‘ॲनिमियामुक्त भारत’ या नावाखाली एकत्र आणण्यात आले. असे असूनही २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुले आणि १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. १५ ते १९ वर्षांच्या मुलींत हे प्रमाण ५९.१ टक्के, तर त्याच वयाच्या मुलांत ३१.१ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि प्रत्येक वेळी दोष लोहाच्या अभावाचाच असतो असे नाही. तथापि लोहाची उणीव हे त्यांतील सर्वांत मोठे कारण होय.

या आकड्यांचा अर्थ शिक्षकाइतका दुसऱ्या कोणाच्या क्वचितच लक्षात येईल. दुसऱ्या तासालाच पेंगणारा मुलगा, कवायतीत दोन फेऱ्यांनंतर धाप लागून खाली बसणारी मुलगी, कालचा पाढा आज न आठवणारे आणि त्यामुळे ‘मठ्ठ’ म्हणून मागे बसविले गेलेले मूल, ही सारी आपल्या नित्य परिचयाची आहेत. पाटीवरची पेन्सिल किंवा खडू कुरतडून खाणारी, भिंतीची माती चाटणारी मुलेही आपण पाहतो आणि रागावतो. माती खाण्याची ही इच्छा पुष्कळदा लोहाच्या उणिवेचे लक्षण असते. दुर्दैव असे की, माती व खडू पोटात गेल्यावर ती अन्नातील लोहालाच अडवितात आणि उणीव अधिक वाढते. अशा मुलाला शिक्षेपेक्षा तपासणीची गरज आहे. पाच ते अकरा वर्षे वयाच्या मुलाच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ११.५ ग्रॅमपेक्षा आणि बारा ते चौदा वर्षे वयाच्या मुलात १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल तर तो रक्तक्षय समजतात. ८ ग्रॅमच्या खाली गेल्यास तो तीव्र होय.

लोह अंगी कसे लागते ?

मांस, मासळी व यकृत यांतील लोह एका स्वरूपात असते आणि ते शरीरात बऱ्यापैकी सहज शोषले जाते. धान्ये, कडधान्ये, पालेभाज्या यांतील लोह आणि गोळीतील लोह हे दुसऱ्या स्वरूपाचे असते. हे दुसरे लोह मोठे परावलंबी आहे. जठरातील आम्लात ते विरघळावे लागते आणि लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात पोहोचेपर्यंत विरघळलेलेच राहावे लागते. वाटेत एखाद्या पदार्थाने त्याला पकडून न विरघळणारा साका केला, की आतड्याच्या भिंतीतून ते आत जाऊ शकत नाही. शौचावाटे निघून जाते. आपल्यासारख्या धान्यप्रधान आहारातील लोहापैकी शंभरातले जेमतेम पाच-दहा भागच शरीरास मिळतात. अर्थात त्यात थोडी घट झाली तरी ती मोठी होते आणि थोडी वाढ झाली तरी तीही मोलाची ठरते.

शरीराचा आणखी एक नियम येथे सांगितला पाहिजे. लोहाची मोठी मात्रा पोटात गेली, की यकृत ‘हेप्सिडिन’ नावाचे एक द्रव्य रक्तात अधिक सोडते आणि आतड्याचे दार काही काळ अंशतः मिटते. हा परिणाम सुमारे एक दिवस टिकतो व दोन दिवसांत ओसरतो. म्हणून मागच्या आठवड्याची राहिलेली गोळी या आठवड्यात जोडीने दिल्यास दुप्पट लाभ होत नाही. मळमळ मात्र दुप्पट होते.

शाईचा दाखला

जुन्या काळी आपल्याकडे घरगुती शाई कशी करीत, हे ज्येष्ठ शिक्षकांनी वाडवडिलांकडून ऐकले असेल. हिरड्याच्या काढ्यात हिराकस टाकला, की पाहता पाहता द्रव काळाभोर होई. हिराकस म्हणजे लोहाचाच एक क्षार. रसायनशास्त्रात त्याला फेरस सल्फेट म्हणतात. आपल्या शाळेतील गोळ्यांत हाच क्षार शुद्ध स्वरूपात असतो. हिरड्यात टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. लोह व टॅनिन यांची गाठ पडली, की काळा पदार्थ तयार होतो आणि लोह त्यात अडकून पडते.

चहातही याच जातीची तुरट द्रव्ये असतात. तेव्हा लोहाची गोळी घेतल्यावर लगेच चहा पिणारा मनुष्य आपल्या पोटात जणू शाईच तयार करीत असतो ! शाईने वही लिहिता येईल, रक्त तयार होणार नाही. जेवणाबरोबर चहा घेतल्यास त्या जेवणातील धान्य-भाजीच्या लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक घटते, असे अनेक प्रयोगांतून दिसून आले आहे. चहात दूध घातल्याने हा दोष जात नाही. कॉफीचाही परिणाम असाच, परंतु काहीसा सौम्य असतो.

आपल्या जिल्ह्यात सकाळी चहाबरोबर भाकरी किंवा चपाती खाऊन शाळेस येणारी मुले गावोगाव आहेत. कित्येक घरी हीच न्याहारी असते. गरिबीत चहा हा भुकेला फसविण्याचा स्वस्त उपाय आहे, हे खरे. परंतु तो भुकेबरोबर भाकरीतील लोहालाही फसवितो. चहा सर्वस्वी सोडा, असा उपदेश कोणी ऐकणार नाही आणि तशी आवश्यकताही नाही. जेवण किंवा गोळी आणि चहा यांच्यामध्ये निदान एक तास, शक्य तर दोन तास अंतर ठेवावे, एवढे सांगितले तरी पुरे. पालकसभेत या एकाच गोष्टीवर भर दिला, तरी तिचे फळ मिळेल.

दूध, भाकरी आणि मोड आलेली कडधान्ये

दूध हे उत्तम अन्न आहे, याविषयी दुमत नाही. पण दुधातील कॅल्शियम लोहाच्या शोषणाला अडथळा आणते. म्हणून लोहाची गोळी दुधाबरोबर देऊ नये. ती साध्या पाण्याबरोबरच द्यावी. बाळंतिणीस अळिवाची खीर देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. अळिवात लोह पुष्कळ असते. पण ते दुधात शिजविल्याने त्याचा काही लाभ कमी होतो. तेच अळीव ओले खोबरे घालून लाडवाच्या रूपाने द्यावे व वर लिंबूपाणी किंवा पेरू द्यावा, हे अधिक हितकर. गुळात लोह असते हे खरे, पण त्याचे प्रमाण थोडे व अनिश्चित असते. केवळ गूळ-शेंगदाणे खाऊन रक्तक्षय बरा होईल, अशा भरवशावर राहू नये.

बाजरी, ज्वारी, डाळी यांच्या टरफलात फायटिक आम्ल नावाचे द्रव्य असते आणि तेही लोहाला बांधून ठेवते. म्हणून बाजरी वाईट ठरत नाही. आपल्या पूर्वजांच्या पाकक्रियेतच यावर तोड सापडते. मटकी, मूग, हुलगे भिजवून मोड आणले, किंवा पीठ आंबवून आंबील केली, की हे फायटिक आम्ल बरेचसे मोडते व लोह मोकळे होते. जी गृहिणी मटकीला मोड आणते, ती नकळत रसायनशास्त्राचाच उपयोग करीत असते.

बाजरीच्या संबंधात एक गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठ व हैदराबादजवळील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था ‘इक्रिसॅट’ यांच्या सहकार्याने ‘धनशक्ती’ नावाचे अधिक लोहयुक्त बाजरीचे वाण सिद्ध झाले व २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाले. त्याच्या एक किलो धान्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. अशाच प्रकारच्या लोहसमृद्ध बाजरीचा प्रयोग महाराष्ट्रातील १२ ते १६ वर्षे वयाच्या २४६ विद्यार्थ्यांवर करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. काही विद्यार्थ्यांना लोहसमृद्ध बाजरीची व काहींना साध्या बाजरीची भाकरी देण्यात आली. चार महिन्यांतच पहिल्या गटातील मुलांच्या शरीरातील लोहाचा साठा अधिक वाढलेला दिसला, आणि ज्यांना आरंभी लोहाची उणीव होती त्यांना सर्वांत अधिक लाभ झाला. याच कामातून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या लेखात अशा मुलांची स्मरणशक्ती व अवधान यांतही सुधारणा आढळल्याचे नमूद आहे. भाकरी आणि पाढा यांचे नाते इतके जवळचे आहे !

लोहाचे मित्र

लोहाचा सर्वांत चांगला मित्र म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व. ते लोहाला विरघळलेल्या अवस्थेत ठेवते आणि टॅनिन व फायटिक आम्ल यांचा जोरही पुष्कळसा कमी करते. या मित्रासाठी आपल्याला दूर जावयास नको. श्रीगोंद्याची लिंबे, राहात्याचे पेरू, अकोल्याच्या डोंगरातील आवळे हे आपल्या जिल्ह्याचेच धन आहे. खिचडीवर पिळलेली लिंबाची फोड, जेवणानंतर दिलेला अर्धा पेरू किंवा आवळ्याचा तुकडा यांचा खर्च थोडा व लाभ मोठा. मात्र ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते. म्हणून लिंबू भाजी शिजताना न पिळता ताटात वाढल्यावर पिळावे. ज्यांच्या घरी चालते त्यांनी थोडी मासळी किंवा मांस जेवणात घेतले, तर त्याच जेवणातील भाजी-भाकरीचे लोहही अधिक शोषले जाते. लोखंडी कढईत व तव्यावर केलेल्या अन्नातही थोडे लोह उतरते. आंबट पदार्थांत ते अधिक उतरते.

इतर औषधांशी होणारा विरोध

आता अधिक महत्त्वाच्या भागाकडे वळू. काही औषधे लोहाला निरुपयोगी करतात. काही औषधांना लोह निरुपयोगी करते. आणि काही ठिकाणी दोघेही परस्परांचा घात करतात. शिक्षकाने डॉक्टर व्हावे, अशी अपेक्षा नाही. ‘तुला दुसरे कोणते औषध चालू आहे काय ?’ एवढा प्रश्न विचारावा, आणि पुढील औषधांपैकी एखादे असल्यास आशा कार्यकर्ती, आरोग्यसेविका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी यांच्या कानावर घालावे, इतकेच अपेक्षित आहे.

पहिला वर्ग आम्लपित्तावरील औषधांचा. ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमची पांढरी औषधे, खाण्याचा सोडा, तसेच ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल यांसारख्या गोळ्या जठरातील आम्ल कमी करतात. लोह विरघळण्यास तर आम्लच हवे. त्यामुळे अशा औषधांबरोबर घेतलेली लोहाची गोळी बरीचशी वाया जाते. पांढरे औषध व लोह यांत दोन तासांचे अंतर ठेवता येते. पण ओमेप्राझोलसारखी गोळी दिवसभर काम करीत असल्याने केवळ अंतर पुरत नाही. डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा लागतो. लोहाच्या गोळीने मळमळते म्हणून आपणच सोडा घेणे, ही चूक खेड्यात फार आढळते.

दुसरा वर्ग काही प्रतिजैविकांचा. टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सासिन ही औषधे लोहाशी घट्ट बांधली जातात. येथे हानी लोहाची होते तशीच औषधाचीही होते, आणि ती अधिक घातक असते. कारण जंतूंवर पुरेसे औषध न पोहोचल्याने रोग हटत नाही व जंतू निर्ढावतात. सिप्रोफ्लॉक्सासिन घ्यावयाचे तर लोहाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे. प्रतिजैविकांचा क्रम थोड्याच दिवसांचा असतो. तेवढ्यापुरती साप्ताहिक गोळी पुढे ढकलावी काय, हे डॉक्टरांना विचारणे उत्तम. तसेही तापाने अंथरुणावर असलेल्या मुलास त्या दिवशी गोळी देऊ नये. बरे वाटल्यावर द्यावी.

तिसरे औषध थायरॉईडच्या उणिवेवरील थायरॉक्सिन. ही गोळी बहुधा सकाळी उपाशीपोटी घेतात. तिच्याजवळ लोहाची गोळी आल्यास थायरॉक्सिनचे शोषण कमी होते. दोहोंत निदान चार तासांचे अंतर हवे.

चौथे, रक्तदाब वाढलेल्या गरोदर स्त्रीस देण्यात येणारे मेथिलडोपा आणि कंपवातावरील लेव्होडोपा. यांचेही शोषण लोहामुळे घटते. गरोदर स्त्रीचा वाढलेला रक्तदाब ही प्राणाशी गाठ असते. म्हणून तिने दोन्ही गोळ्यांच्या वेळा आरोग्यसेविकेकडून नक्की करून घ्याव्यात.

पाचवे, फिट येणाऱ्या मुलांस दिले जाणारे फेनिटॉइन. येथे विरोध लोहाचा नसून गोळीतील फॉलिक आम्लाचा आहे. फॉलिक आम्लाने रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण कमी होऊ शकते. अशा मुलाचे नाव वर्गशिक्षकाने वेगळे नोंदवावे आणि डॉक्टरांच्या अनुमतीनेच त्यास गोळी द्यावी. फिटचे औषध मात्र कोणत्याही कारणाने थांबवू नये.

सहावे, लोहभस्म, मंडूर यांसारखी देशी औषधे व बाजारात मिळणारी ‘रक्तवाढीची’ टॉनिके. यांतही लोहच असते. घरी ती चालू असतील तर शाळेतील गोळीशी त्यांची बेरीज होते, ही गोष्ट पालकांच्या ध्यानात आणून द्यावी.

याखेरीज थॅलेसेमिया असलेल्या, वारंवार रक्त भरावे लागणाऱ्या, किंवा सिकलसेलचा आजार असलेल्या मुलांस डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय लोहाची गोळी देऊ नये. त्यांचा रक्तक्षय निराळ्या जातीचा असतो.

जंतनाशक गोळीचा मात्र लोहाशी विरोध नाही. उलट ती लोहाची साथीदार आहे. आकडेकृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतात. अनवाणी चालणाऱ्या मुलांच्या पायांच्या त्वचेतून ते शरीरात शिरतात. जंत तसेच ठेवून लोह देणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. म्हणून फेब्रुवारी व ऑगस्टमधील जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी चुकवू नये. ती चावून खावयाची असते.

घरी गरोदर आई असेल तर

आपल्या विद्यार्थ्यांच्या आया व थोरल्या बहिणी यांपैकी कित्येकींना आरोग्य केंद्रातून लोहाच्या लाल गोळ्या व कॅल्शियमच्या गोळ्या एकाच वेळी मिळतात. लोहाची गोळी रोज एक याप्रमाणे निदान १८० दिवस आणि कॅल्शियमची दिवसातून दोन, असा साधारण नियम आहे. पुष्कळ स्त्रिया विसरू नये म्हणून सर्व गोळ्या एकदमच घेऊन टाकतात, आणि तीही चहाबरोबर ! येथे कॅल्शियम व चहा मिळून लोहाची वाट अडवितात.

यावर सोपी वाटणी अशी : कॅल्शियमची एक गोळी सकाळच्या जेवणाबरोबर व दुसरी रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यावी. लोहाची गोळी दुपारी दोनच्या सुमारास, जेवण होऊन दोन तास झाल्यावर, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा चारनंतर घ्यावा. चौथीतील मुलगीदेखील ही वेळापत्रिका वहीत उतरवून आईला वाचून दाखवू शकेल. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांनीच आरोग्याचे ज्ञान घरोघर नेले, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. शहाणपण शेजारणीच्या तोंडून आले, तर ते अधिक पटते. लेकीच्या तोंडून आले, तर त्याहूनही अधिक.

शाळेत गोळी देताना

गोळी माध्यान्ह भोजनानंतर द्यावी. शक्य तर जेवण होऊन सुमारे तासाभराने. उपाशीपोटी लोह अधिक शोषले जाते हे खरे, परंतु त्याने मळमळ व पोटदुखी होते, आणि एका मुलाला उलटी झाली की भीतीने दहा मुलांना होते. पुढच्या आठवड्यात निम्मा वर्ग गोळी नाकारतो. म्हणून थोडे शोषण कमी झाले तरी भरल्यापोटी देणे व्यवहार्य ठरते. ती उणीव लिंबाची फोड भरून काढील. गोळी आपल्यासमोर, पाण्याबरोबर, न चावता गिळवावी. शौचाचा रंग काळसर होतो, त्यात भिण्यासारखे काही नाही, हे मुलांना व पालकांना आधीच सांगून ठेवावे. न सांगितल्यास अफवा पसरतात.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील शिक्षकांपुढे आणखी एक अडचण असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात आणि मुले हंगाम संपल्यावर परत येतात. त्यांच्या बुडालेल्या गोळ्या हिशेब पुरा करण्यासाठी एकदम देऊ नयेत. परतल्यानंतर आठवड्यास एक याप्रमाणे क्रम पुन्हा सुरू करावा आणि अशा मुलांची रक्ततपासणी आधी व्हावी म्हणून आरोग्यसेविकेस त्यांची नावे कळवावीत.

एक गंभीर इशारा

या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना हीच समजावी. लोह मोठ्या मात्रेत विष आहे. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर लोह एकदम पोटात गेल्यास विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. ६० मिलिग्रॅमच्या वर गेल्यास जिवावर बेतू शकते. दहा किलो वजनाचे, म्हणजे दीड-दोन वर्षांचे मूल घ्या. त्याने आईच्या पाकिटातील साठ मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या खाल्ल्या, तर ६०० मिलिग्रॅम लोह पोटात गेले. म्हणजे नेमकी ती मर्यादा गाठली. रंगीत, चकचकीत, वरून गोड लागणारी गोळी लहान मुलास बडीशेपेच्या गोळीसारखीच वाटते.

म्हणून गोळ्यांची पाकिटे मुलांच्या हाती घरी पाठवू नयेत. शाळेत ती कुलुपात ठेवावीत. घरी ती उंच फळीवर झाकून ठेवण्यास पालकांना सांगावे. लहान मुलाने गोळ्या खाल्ल्याचा नुसता संशय आला, तरी घरगुती उपाय करीत बसू नये व मुद्दाम उलटी करवू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि रिकामे पाकीट बरोबर न्यावे. येथे एक फसवी गोष्ट ध्यानात ठेवावी : आरंभीच्या उलट्या-जुलाबांनंतर काही तास मूल सुधारल्यासारखे दिसते आणि नंतर एकाएकी बिघडते. ‘आता बरे आहे’ म्हणून परत फिरल्यास अनर्थ ओढवेल.

वर्गात करावयाचा प्रयोग

वरच्या वर्गांसाठी एक सोपा प्रयोग सुचवितो. एका काचेच्या भांड्यात थोडा शिरका घेऊन त्यात चार-पाच गंजलेले खिळे दोन-तीन दिवस बुडवून ठेवावेत. नंतर ते पाणी गाळून त्यात बिनदुधाचा कडक चहा ओतावा. मिश्रण काळसर होताना मुलांना दिसेल. त्याचा थोडा भाग दुसऱ्या भांड्यात घेऊन त्यात लिंबाचा रस भरपूर पिळावा व दोन्ही भांड्यांतील रंगांची तुलना करावी. लिंबाच्या भांड्यातील काळेपणा फिका पडतो. मिश्रण कोणी चाखू नये, एवढी दक्षता घ्यावी. पोटातील क्रिया याहून गुंतागुंतीची असते, हे मुलांना अवश्य सांगावे. पण चहा लोहाला कसा पकडतो आणि लिंबू त्याला कसे सोडविते, याचे चित्र त्यांच्या मनावर कायमचे उमटेल. त्यानंतर फळ्यावर दोन रकाने आखून ‘लोहाचे मित्र’ व ‘लोहापासून दूर ठेवावयाच्या वस्तू’ यांची यादी मुलांकडूनच भरून घ्यावी.

बंधु-भगिनींनो, आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. ज्या लोकमातेचे ते नाव आहे, तिची कीर्ती घाट, विहिरी व धर्मशाळा बांधण्यासाठी, म्हणजे सामान्य जनांच्या नित्याच्या गरजा भागविण्यासाठी आहे. गोळी वेळेवर, योग्य अन्नाबरोबर व योग्य अंतराने देणे हे कामही त्याच जातीचे आहे. त्यात डामडौल नाही, पण त्यावाचून पुढचे काही उभे राहत नाही. पेंगणाऱ्या मुलाला आपण आजवर हाक मारून जागे करीत आलो. आता त्याच्या ताटाकडे व चहाच्या पेल्याकडेही एकवार पाहू या.